राहून गेलं

दुभाष्याच्या कामातली उत्तराला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यात स्वतःचं काही बोलावं लागत नसे. समोरचा 'मी' म्हणाला की तिनेही 'मी' म्हणायचं, तो थांबला की थांबायचं. गेल्या वर्षभरात ती गुडघा बदललेली आजी झाली होती, पगार बुडालेला आचारी झाली होती, आणि एकदा तर भांडणाऱ्या जोडप्यातला नवराही झाली होती आणि बायकोही. घरी आल्यावर चंद्रशेखर विचारायचा, "आज कोण होतीस?" ती सांगायची नाही. तो कामाचा नियमच होता.

त्याआधी पामर्स्टन नॉर्थला ती मातीच्या प्रयोगशाळेत होती. पिशवीतून कुणाच्या तरी शेताची माती यायची. तिच्यात काय आहे ते सांगायचं. काय असतं तर बरं झालं असतं, ते सांगायचं नाही. मग चंद्रशेखरची नोकरी ऑकलंडला आली, दोघं अवोन्डेलला राहायला आले, आणि मातीच्या जागी वाक्यं येऊ लागली.

त्या आठवड्यातलं वाक्य मंदा ढवळेचं होतं.

न्यू लिनच्या वाचनालयामागच्या एका लहानशा खोलीत चौघी बसल्या होत्या. मंदा, तिची वीस वर्षांची मुलगी स्वानंदी, वकील सिना आणि उत्तरा. सिना सामोअन आईबापांची, इथेच जन्मलेली, मोठ्याने हसणारी बाई होती. फी परवडत नाही अशा लोकांची कामं ती करत असे.

काम असं होतं. लहानपणी आईबापांनी या देशात आणलेली, इथेच वाढलेली, पण हातात कागद नसलेली जी मुलं आहेत त्यांना राहण्याचा हक्क द्यावा, असं एक विधेयक संसदेत आलं होतं. एका खासदाराने स्वतःहून मांडलेलं. ते पास होईलच असं कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. पण पहिल्या वाचनातून ते कसंबसं पुढे सरकलं होतं आणि आता संसदेची समिती लोकांचं म्हणणं ऐकून घेत होती. सगळं अडलं होतं ते एका कलमावर. व्हिसा संपल्यावर इथे राहण्याचा निर्णय त्या मुलाचा स्वतःचा नसला पाहिजे, असं ते कलम होतं.

स्वानंदी सहा वर्षांची असताना आली होती. तुकाराम ढवळे, तिचे वडील, इथे वेल्डर होते. वर्षाच्या आतच त्यांचं काम सुटलं, कामाबरोबर सगळ्यांचे व्हिसे गेले, आणि ते इचलकरंजीला परतले. तिथे त्यांनी दुसरा संसार थाटला. मंदा आणि स्वानंदी इथेच राहिल्या. शाळेने शिकण्यापुरती मुभा मिळवून दिली. ती शाळेपुरतीच होती, हे स्वानंदीला कळलं ते विद्यापीठाचा अर्ज भरताना. तिला बियाणांचा अभ्यास करायचा होता, पामर्स्टन नॉर्थला. विद्यापीठ तिला घ्यायला तयार होतं. देश तयार नव्हता.

"समितीपुढे स्वानंदी छान बोलेल," सिना म्हणाली, "तिची मला काळजी नाही. पण ते आईलाही विचारणार. मंदा, तुमचा व्हिसा संपला तेव्हा नेमकं काय झालं?"

उत्तराने मराठीत सांगितलं. मंदाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"ह्यांचं काम सुटलं. हे गेले. मग सगळी धावपळच झाली. व्हिसाचं राहूनच गेलं."

उत्तरा क्षणभर थांबली. राहून गेलं. दिवसातून दहादा तोंडात येणारा शब्द. दूध आणायचं राहून गेलं, वन्संना फोन करायचा राहून गेला. राहणंही त्यात आहे, जाणंही आहे, आणि माणूस मात्र कुठेच नाही. कुणी केलं, कुणी नाही केलं, पत्ता लागत नाही. तिने इंग्रजीत जमेल तितकं जवळचं सांगितलं: करायचं होतं, ते तसंच राहिलं.

"लॅप्स झाला!" सिनाला शब्द आवडला. "व्हिसा लॅप्स झाला. छान. कुणावरच काही येत नाही." तिने तो लिहून घेतला आणि मग पेन खाली ठेवलं. "पण एक स्पष्ट सांगते. मंत्र्यांकडे तुमचा स्वतःचा वेगळा अर्ज गेलाय. तुम्हाला कागदातलं काही कळत नव्हतं, सगळं नवरा बघायचा, म्हणून मुदत हुकली, अशा आधारावर. समितीपुढे तुम्ही मुद्दाम राहिलात असं म्हणालात, तर तो अर्ज जवळजवळ संपला. त्या खोलीत बोलल्याबद्दल कुणी खटला भरणार नाही, पण बोललेलं कुणी विसरणारही नाही. उलट, नुसताच लॅप्स झाला म्हणालात, तर ते म्हणणार, निर्णय कुणाचाच नव्हता का? मग मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर राहिली, तो तिचा निर्णय धरायचा का? दोन्हीकडे चालेल असं उत्तर माझ्याकडे नाही. आणि काय बोलायचं ते मी शिकवणार नाही. खरं असेल ते सांगा."

उत्तराने हे सगळं, एकही शब्द मऊ न करता, मराठीत सांगितलं.

"खरंच राहून गेलं हो," मंदा म्हणाली.

खिडकीपाशी बसलेली स्वानंदी हसली. मराठी तिला सगळं कळायचं. बोलायची मात्र इंग्रजीत, न्यू लिनच्या खास सुरात. "शी ऑल्वेज सेज दॅट, ऑन्टी. सहलीच्या कागदावर सही? राहून गेली. मला खरं सांगायचं? राहून गेलं. हीप्स ऑफ राहून गेलं इन अवर हाउस."

"गप गं," मंदा म्हणाली.

निघताना मंदा दारापाशी उत्तराच्या जवळ आली. "ताई, तुम्ही आपलं माणूस आहात. इंग्रजीत जरा नीट करून सांगाल ना? पोरीचंही होईल आणि माझंही बिघडणार नाही, असं?"

"मी नीट करत नाही, मंदाताई. तुम्ही जे द्याल ते तसंच पोचवते."

"म्हणजे सांडलं तर सांडलेलंच?"

"सांडलं तर सांडलेलंच."

मंदाला राग आला नाही. तिने भाजी पारखावी तसं उत्तराकडे पाहिलं. रविवारी अवोन्डेलच्या बाजारात ती एका ओळखीच्या मळेवाल्याच्या गाळ्यावर मेथी-कोथिंबीर विकायला मदत करी, आणि तिथेही गिऱ्हाइकाकडे ती असंच बघत असे. "मग माझा आवाज तरी मोठा काढा," ती म्हणाली. "तुमचा फार बारीक आहे."

सुनावणीच्या दिवशी सकाळी उत्तराच्या घरीही व्हिसाचाच विषय निघाला. तिच्या सासूबाई, मालतीबाई, पुण्याहून आल्या होत्या आणि त्यांच्या पाहुण्यांच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. ती वाढवायचा अर्ज चंद्रशेखर करणार होता. कधीपासून करणार होता.

"केलास का आईंचा अर्ज?"

चंद्रशेखरने पावाला लोणी लावत मान हलवली. "अगं, राहून गेलं."

"मला काय," मालतीबाई म्हणाल्या, "धरून नेलं तर परतीचं तिकीट वाचेल. फक्त म्हणावं, खिडकीची जागा द्या."

"राहून गेलं, की तसंच ठेवलंस?" उत्तराने विचारलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे त्यात परतायची तारीख लिहावी लागते. ती तुला लिहायची नाहीये."

चंद्रशेखर पाव खाता खाता थांबला. मालतीबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं आणि शेजाऱ्यांच्या लिंबाच्या झाडाचं उगाचच कौतुक सुरू केलं. मग त्याने लॅपटॉप ओढला. तारखेच्या चौकोनाशी तो थोडा वेळ अडला. मालतीबाई म्हणाल्या, "दिवाळीनंतरची घाल," आणि चहा गार व्हायच्या आत अर्ज गेला. उत्तराने कप धुऊन ठेवले. आपल्या घरात हे चहाबरोबर उरकलं, हे तिच्या मनात आलं. तिने पर्समध्ये पाण्याची बाटली टाकली आणि स्टेशनवर गेली.

सुनावणी शहराच्या मध्यभागी एका इमारतीतल्या सभागृहात होती. टेबलं घोड्याच्या नालेसारखी मांडलेली, मधोमध पाण्याचे जग. काही खासदार समोर बसले होते, दोघं भिंतीवरच्या पडद्यावर. नावं जाहीर करायची नाहीत असं आधीच ठरलं होतं, म्हणून अध्यक्षबाईंनी दोघींचं स्वागत 'आई' आणि 'मुलगी' म्हणूनच केलं.

स्वानंदी उभी राहिली नाही. ती टेबलावर कोपरं टेकून, शेजाऱ्याशी बोलावं तशी बोलली. "किया ओरा," तिने माओरीत नमस्कार केला, आणि इथल्या शाळेत शिकवतात तशी माओरी रीतीने आपली ओळख करून दिली, आधी आपला डोंगर, मग आपली नदी. तिचा डोंगर म्हणजे खोलीच्या खिडकीतून दिसणारी वाइटाकेरेची रांग. तिची नदी म्हणजे अवोन्डेल आणि न्यू लिनच्या मधून वाहणारी फाउ, "जिला नदी म्हणणं हा मोठेपणा आहे, पण भरतीला बरी दिसते." एक-दोघं हसले. त्या काठावर ती शाळेत असल्यापासून रोपं लावत होती. कुठलं बी गोळा केल्यावर लगेच पेरावं लागतं आणि कुठलं थंडीत ठेवलं की मगच जागं होतं, हे ती एवढ्या रंगात येऊन सांगायला लागली की सिनाने टेबलाखालून तिला पाय लावला.

"सॉरी," स्वानंदी म्हणाली. "मुद्दा असा, की मला हे शिकायचंय आणि इथेच वापरायचंय. तुम्ही मला राहू दिलंत तर तुमचा तोटा नाही. बस."

उत्तराला तिचा हेवा वाटला. आपल्या म्हणण्यावर इतका सरळ विश्वास तिने स्वतः कधी ठेवला असेल, ते तिला आठवेना.

मग पडद्यावरच्या वयस्कर खासदाराने हात वर केला. त्याच्या मागच्या खिडकीतून हिरवं कुरण दिसत होतं. सुनावणीला तो घरूनच बसला असावा. तो सावकाश आणि अदबीने बोलला.

"मुलगी मला आवडली. अशी मुलं मला माझ्या गावात हवीत. पण कायदा आवडीवर लिहिता येत नाही. कलम म्हणतं, निर्णय मुलाचा नसावा. म्हणून आईंना विचारतो. व्हिसा संपला तेव्हा काय झालं? तुम्ही विसरलात, की तुम्ही ठरवलंत?"

उत्तराने प्रश्न मराठीत दिला. विसरलात, की ठरवलंत. दोन्ही क्रियापदं तिने सारख्याच वजनाने ठेवली.

मंदाने दोन्ही हात मांडीवर घेतले. "व्हिसाचं राहून..." ती म्हणाली, आणि थांबली.

सगळे उत्तराकडे बघू लागले. इंग्रजीत सुरुवात करायची तर क्रियापद हातात लागतं. मराठीत ते शेवटी येतं, आणि मंदाने ते अजून दिलं नव्हतं. राहून... पुढे 'गेलं' येणार होतं. येईल याची उत्तराला जवळजवळ खात्री होती; तिच्याकडे त्याचं इंग्रजी तयारही होतं, सिनाला आवडलेलं, कुणावरच काही न येऊ देणारं. ते आत्ता बोलून टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. मंदाने अर्धं सांगितलं, दुभाषीने पुरं केलं. मंदा तिच्याकडे बघतही होती, वाचनालयाच्या दारात पाहिलं होतं तसंच.

उत्तरा गप्प बसली. पाण्याच्या जगवर साचलेले थेंब ओघळून टेबलावर आले. अध्यक्षबाईंनी भुवया उंचावल्या, तेव्हा उत्तरा इतकंच म्हणाली, "वाक्य अजून पूर्ण झालेलं नाही."

मंदाने मुलीकडे पाहिलं. मग पडद्याकडे.

"नाही," ती म्हणाली. "राहिले. मी राहिले."

"नो," उत्तरा म्हणाली. "आय स्टेड." आवाज आपोआपच मोठा निघाला.

"ह्यांनी तिघांची तिकिटं काढली होती. हे गेले. मी विमानतळावर गेलेच नाही." मंदा आता थांबत थांबत बोलत होती, उत्तराला जागा देत. "लोक म्हणतात, पोरीच्या शिक्षणासाठी राहिली. मीपण तेच सांगत आले. चांगलं वाटतं ऐकायला. पण तसं नव्हतं. इचलकरंजीला सासरी कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी कुणीतरी सोबत लागायचं. दीर तरी, नाहीतर नणंद तरी. इथे मी सकाळी उठून एकटी न्यू लिनच्या स्टेशनपर्यंत चालत जायचे. काम असलं तरी, नसलं तरी. कुठे चाललीस, असं कुणी विचारायचं नाही. ते मला सोडवेना. पोरीसाठी नाही हो. माझ्यासाठी राहिले मी."

सिनाने डोळे मिटून घेतले. उत्तराने वाक्यामागून वाक्य इंग्रजीत ठेवलं, आणि शेवटच्याशी आली तेव्हा तिला जाणवलं, की त्या खोलीत हे सर्वांत आधी समितीने ऐकलेलंच नाही. मराठी समजणारं तिथे आणखी एकच माणूस होतं, स्वानंदी, आणि इंग्रजी पोचण्यापूर्वीच ती ताठ बसली होती.

"फॉर मायसेल्फ," उत्तरा म्हणाली.

"आणि हिला तर जायचं होतं," मंदा म्हणाली.

स्वानंदीने झटकन मान वळवली.

"सहा वर्षांची होती. आजीकडे जायचं म्हणून तिने स्वतः बॅग भरली होती. निळी, बदकाचं चित्र असलेली. दाराशी ठेवून तिच्यावर बसून राहिली होती. हे गेल्यावर मी तिला उठवलं, बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात लावले. खूप रडली. जेवेना. साहेब, तुम्ही विचारता निर्णय कुणाचा. हिचा निर्णय जायचा होता. तो मी मोडला."

उत्तराने हेही सांगितलं. 'मोडला' या शब्दाला तिने सर्वांत सरळ इंग्रजी शब्द घेतला.

पडद्यावरचा माणूस काही वेळ लिहीत होता. "आणि अठरा वर्षांची झाल्यावर?" त्याने विचारलं. प्रश्नाला धार नव्हती. पण तो सोडणारही नव्हता.

"अठराव्या वर्षी ती कुठे जाणार? जिच्याकडे जायला ती रडली, ती आजी तोवर गेली होती. दुसरं कोण ओळखतं हिला तिथे?"

मग त्या खासदाराने चष्मा काढला. "थँक यू," तो म्हणाला. "प्रश्नाचं उत्तर मिळालं." आणि अध्यक्षबाईंना उद्देशून, "निर्णय कोणत्या वयातला मोजायचा हे कलमात कुठेच नाही. ते लिहायला हवं. मुलं आधी कुणाच्या तरी निर्णयाने इथे रुजणार, आणि मग आपण वाढदिवसाच्या दिवशी त्यांना विचारणार, तू का राहिलीस?" अध्यक्षबाईंनी बाजूच्या अधिकाऱ्याला ते टिपून घ्यायला सांगितलं. पुढचं नाव पुकारलं गेलं.

खाली रस्त्यावर वारा होता. सिनाने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"कलमाचं काम झालं असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली, "अजून समितीचा अहवाल आहे, मग मतदान. पण आज सकाळी जितकं होतं त्याच्या पुष्कळ पुढे आहे. आणि मंदा, तुमचा अर्ज..." तिने हाताने चुरगाळून टाकल्याची खूण केली. "नवा लिहावा लागेल."

"लिहू की," मंदा म्हणाली.

"कठीण जाईल."

"आधीचाही सोपा नव्हता. नव्यात पाठ तरी काही करावं लागणार नाही." मंदाने पिशवीतून डबा काढला. थालीपिठं होती. तिने पहिलं सिनाला दिलं. सिनाने ते उभ्याउभ्याच खाल्लं, बोटं चाटली, आणि सोमवारी सकाळीच माझ्याकडे या, नवं पहिल्या वाक्यापासून लिहू, असं सांगून पुढच्या कामाला पळाली.

स्वानंदी आईसमोर येऊन उभी राहिली. आता ती एकदम इंग्रजीत सुरू झाली, भराभरा. आईने हे सगळं बनवलं, कलमाला बसावं म्हणून. स्वतःचा अर्ज फुकट घालवला. कुणी सांगितलं होतं. असला त्याग नकोय मला.

मंदाने उत्तराकडे पाहिलं. "काय म्हणते?"

तिला कळलं होतं, हे उत्तराला दिसत होतं. कामही संपलं होतं. तरी जुन्या सवयीने ती म्हणाली, "मी म्हणते, हे सगळं तू माझ्यासाठी रचून सांगितलंस. आणि मला ते नको आहे."

"रचून?" मंदाने डब्याचं झाकण लावलं. "अगं बाई, रचायचंच असतं तर जरा बरं नसतं का रचलं? आई म्हणून जरा शोभलं असतं! बॅग घरी आहे. माळ्यावर. बदक अजून आहे तिच्यावर."

स्वानंदीचा चेहरा बदलला. "डक बॅग? ब्लू वन?" ती म्हणाली. "दॅट्स माय टॉग्ज बॅग. मी पोहायला न्यायचे ती. इयर सिक्सपर्यंत."

"पोहायला नंतर. आधी इचलकरंजीला निघाली होती ती."

स्वानंदी फुटपाथच्या कडेला बसली. तिला हसू आलं, आणि मग आवरेना. मला जायचं होतं तेव्हा हिने जाऊ दिलं नाही, ती उत्तराला इंग्रजीत सांगत होती, आणि आता मला राहायचंय तर ते राहू देत नाहीत. माझं म्हणणं या देशात एकदा तरी कुणी ऐकणार आहे का?

"आज ऐकलं की," मंदा म्हणाली. "ह्या खेपेला तू ठरव. मी मधे येत नाही." आणि तिने उरलेलं थालीपीठ मुलीच्या हातात दिलं. "खा. तेव्हासारखी उपाशी बसू नकोस."

स्वानंदी खाऊ लागली. एका घासानंतर तिने वर पाहिलं. "ऑन्टी, ती पहिल्यांदा काहीतरी म्हणाली. राहून... ते तू ट्रान्सलेटच नाही केलंस."

"ते पुरं झालं नव्हतं."

"तुला माहीत होतं पुढे काय येणार ते."

"नव्हतं," उत्तरा म्हणाली. "मला वाटलं होतं, माहीत आहे."

स्वानंदीने यावर विचार केला आणि मान हलवली. "स्वीट ॲज," ती म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत, झकास.

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, मंदा शेजारी नाही. पिशवी खांद्याला लावून ती चालायलाही लागली होती, वाऱ्याच्या विरुद्ध, गर्दीतून वाट काढत, मागे वळून न बघता. पाठ सरळ होती आणि चाल घाईची नव्हती.

स्वानंदी उठली आणि तोंडात घास असतानाच ओरडली, "आई! कुठे चाललीस?"

मंदा थांबली. वळून बघताना तिला हसू आवरत नव्हतं.

"स्टेशनवर," तिने ओरडून सांगितलं. "यायचं तर या."